पेठेतलं काम आणि नगरसेवक: साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नगरसेवक नाही, होण्याचा विचारही नाही. आमच्या पेठेत लोकांचे अर्ज लिहून देतो, एवढंच. २०२१ च्या अखेरीस नगरपालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. तेवढ्या काळात नगरसेवकाला काम सांगायची सवयच मोडली. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली, प्रभागांच्या हद्दी बदलल्या, नवे चेहरे आले आणि तेच जुने प्रश्न माझ्या ओट्यावर पुन्हा येऊन बसले. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढलं.

आमचा नगरसेवक एक की दोन?

दोन. शहराचे २५ प्रभाग आहेत आणि एकूण ५० नगरसेवक. प्रत्येक प्रभागात एक ‘अ’ जागा, एक ‘ब’ जागा. मतदानाला गेलात तेव्हा तीन मतं दिलीत ना? दोन प्रभागाची, तिसरं नगराध्यक्षाचं, कारण नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जातो. याशिवाय सभागृहात स्वीकृत, म्हणजे लोकांनी न निवडता नेमलेले, नगरसेवक असतात. त्यांना चर्चेत बोलता येतं, ठरावावर मत देता येत नाही.

मग काम कुणाला सांगायचं, ‘अ’ ला की ‘ब’ ला?

दोघांनाही. कायद्यानं प्रभागाची वाटणी झालेली नसते. बोळाची ही बाजू माझी, ती बाजू तुमची, असं दोघं आपसात ठरवतात, पण ते त्यांचं त्यांच्यात. दोघं वेगवेगळ्या गटांचे असले की मात्र गंमत होते: एकाला सांगितलेलं काम दुसऱ्याला आपोआप कळतं, पण ते अडवण्यासाठी! म्हणून अर्जावर दोघांचीही नावं घाला. ‘मला सांगितलंच नाही’ म्हणायला जागा राहत नाही.

ताई निवडून आल्यात, पण फोन त्यांचे मिस्टर उचलतात. चालतं का?

फोन कुणीही उचलो, सही ताईंचीच लागते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणजे ५० पैकी २५. सभेत बसणं, हात वर करणं, विषय मांडणं ही कामं निवडून आलेल्या बाईनंच करायची असतात, ‘नगरसेवकपती’ नावाचं पद कुठल्याही कायद्यात नाही. मी बायकांना एक सांगतो. नळाचं, गटाराचं, अंगणवाडीचं काम असेल तर सकाळी दहाच्या आत पाच-सहा जणींनी थेट ताईंच्या घरी जावं. पहिल्या वेळी मिस्टर बाहेर येऊन बसतात. तिसऱ्या वेळी ताई एकट्याच बोलतात, आणि बहुतेक वेळा त्यांना पेठेतलं जास्त ठाऊक असतं. पाणी किती वाजता येतं हे हंडा भरणाऱ्या बाईला विचारावं लागत नाही.

नगरसेवक पालिकेच्या माणसाला हुकूम देऊ शकतो का?

नाही. सगळ्या गैरसमजांचं मूळ इथंच आहे. झाडणारा मुकादमाचं ऐकतो, मुकादम आरोग्य निरीक्षकाचं, आणि ती सगळी साखळी मुख्याधिकाऱ्यांपाशी जाऊन थांबते, ज्यांना आपण ‘सीओ साहेब’ म्हणतो. ते राज्य शासनाचे अधिकारी. नगरसेवकाच्या हाताखाली एकही कर्मचारी नसतो. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात त्याची ताकद सभागृहात आहे: अंदाजपत्रक मंजूर करणं, ठराव मांडणं, प्रश्न विचारणं, समितीत बसणं. पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. तुमचा नगरसेवक कुठल्या समितीत आहे ते एकदा विचारून ठेवा.

पेठेत त्याचा फोन लागला की माणूस धावत येतो, हे खरं. तो ओळखीचा आणि भिडेचा भाग झाला. भिडेनं एक चेंबर उघडतं, पण पुढच्या पावसात ते पुन्हा तुंबणार नाही याची सोय होत नाही. त्यासाठी पाइप बदलावा लागतो, पाइपाला पैसे लागतात, पैशाला मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीसाठीच आपण त्याला निवडून दिलेलं असतं.

मग फोन करू की अर्ज देऊ?

आधी फोन, लगेच अर्ज. तुंबलेलं गटार कागदाची वाट बघत नाही, पण कागद नसेल तर महिन्यानं कुणालाच काही आठवत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा, खाली ‘प्रत: मा. नगरसेवक, प्रभाग क्रमांक अमुक’. विषय एका ओळीत. ‘आमच्या भागातील विविध समस्यांबाबत’ असा विषय लिहिलात की कागद कुठल्या टेबलावर टाकायचा हेच आवकवाल्याला कळत नाही. एका अर्जात एकच तक्रार. जागा अशी सांगा की परका माणूस विचारल्याशिवाय पोचेल: कुठली पेठ, कुठला बोळ, कुठल्या मंदिराच्या मागं, खांबावरचा नंबर. मोबाइलवर काढलेला फोटो झेरॉक्सवाल्याकडून छापून जोडा.

आणि आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी स्वतः एकदा घाईत पोच घेतली नव्हती. दोन महिन्यांनी विचारायला गेलो तर अर्ज कधी दिला हे माझंच मला सांगता येईना. चूक माझी होती. तेव्हापासून घरात खिळ्याला एक पिशवी टांगलेली आहे, त्यात फक्त पोचपावत्या.

नळाला पाणी आलं नाही. कुणाला धरायचं?

आधी पाणी कुणाचं ते बघा. साताऱ्यात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी पाणी येऊ शकतात.

बोगदा, चिमणपुरा, व्यंकटपुरा अशा वरच्या अंगाच्या पेठांना कास तलावाचं पाणी. ते डोंगरावरून उतारानं येतं. जुन्या काळी उघड्या पाटानं यायचं, आता बंद पाइपातून. पालिकेची दुसरी योजना शहापूरची, उरमोडी नदीवरची. हे पाणी पंपानं चढवावं लागतं. म्हणून वीज गेली की शहापूरवाल्यांचे हंडे रिकामे, आणि त्याच सकाळी कासवाले अंगणात सडा घालत असतात. तिसरं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर असे सप्टेंबर २०२० च्या हद्दवाढीत शहरात आलेले भाग आणि गोडोलीकडचा काही भाग यात मोडतो. हे राज्याचं वेगळं खातं, त्याचं बिल वेगळं, त्याचे अभियंते वेगळे. नगरसेवकानं पालिकेच्या सभेत कितीही टेबल बडवलं तरी प्राधिकरणाचा व्हॉल्व्ह त्यानं फिरत नाही.

तर पहिलं काम, बिल काढून वर कुणाचं नाव छापलंय ते वाचा. प्राधिकरण असेल तर तक्रार त्यांच्या कार्यालयात, ग्राहक क्रमांकासह. नगरसेवकाचं पत्र जोडलं तर वजन वाढतं, पण पत्र त्यांच्या नावे हवं.

पालिकेचं पाणी असेल तर आधी शेजारी विचारा. सगळ्या बोळाला नाही, तर अडचण लाइनची किंवा पाणी सोडणाऱ्याची. फक्त तुम्हाला नाही, तर अडचण तुमच्या नळाची. दाब कमी असेल तर आणखी एक शक्यता, जी लोकांना ऐकायला आवडत नाही: बोळात कुणीतरी नळाला मोटर लावलीय. नगरसेवकाला हे बरोबर माहीत असतं. मोटर जप्त करा म्हणणं म्हणजे चार मतं घालवणं, म्हणून तो बोलत नाही. इथं दहा घरांच्या सह्यांचा अर्ज एका नगरसेवकापेक्षा जास्त काम करतो.

घरासमोर रस्त्यात पाणी गळतंय. दुरुस्ती पालिकेनं करायची ना?

गळती कुठं आहे त्यावर. माझंच उदाहरण देतो. दारासमोर फरशीच्या सांध्यातून बारीक पाणी झिरपायचं. मी चार दिवस नगरसेवकांच्या मागं लागलो, भाऊ हे करा, भाऊ ते करा. पाचव्या दिवशी माणसं पहार-फावडं घेऊन आली. दीड हात खणल्यावर मुख्य लाइन दिसली, कोरडी ठणठणीत. तिच्यावरचं फेरूल, म्हणजे घराचा पाइप जिथं लाइनला जोडतात तो सांधा, तेही ठीक. त्यातल्या एकानं फेरूलपासून माझ्या उंबऱ्याकडं येणारा पाइप नुसता अंगठ्यानं दाबला, तर लोखंड बिस्किटासारखं तुटलं. माझ्या वडिलांच्या काळातला जीआय पाइप! “काका, हे तुमचं,” तो म्हणाला. मुख्य लाइन पालिकेची, फेरूलपासून घरापर्यंतची जोडणी घरमालकाची. प्लंबर, पाइप, वर रस्ता फोडल्याचे पैसे, सगळं माझ्या खिशातून गेलं. भाऊंनी नंतर कधी त्यावरून टोमणा मारला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

गटार तुंबतं, पावसात पाणी घरात येतं.

सातारा उतारावर वसलेलं गाव. अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वरच्या अंगावरचं पाणी ओढ्यांनी शहरातून खाली जातं. हे ओढे हळूहळू बांधून आवळले गेले, काहींवर स्लॅब पडले, काहींत भिंती आल्या. त्यामुळं तुमच्या दारातलं गटार तुंबण्याचं कारण वरच्या पेठेत असू शकतं. दारातला गाळ काढून आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

सांगायची वेळ पावसाळ्यात नसते, एप्रिलमध्ये असते. नालेसफाई मान्सूनपूर्व करायची असते, तिची ठिकाणं आधी ठरतात. आपल्या ओढ्याचं नाव त्यात आहे का, ते एप्रिलमध्ये नगरसेवकाला विचारा. जूनमध्ये विचारलंत तर तोही तुमच्यासारखाच छत्री धरून उभा असणार.

रस्त्यावरचा दिवा बंद आहे.

खांबावरचा नंबर कळवा, काम होतं. खांब आणि तारा महावितरणच्या असू शकतात, दिवा पालिकेचा. ठिणग्या उडत असतील, तार लोंबत असेल तर नगरसेवकाला फोन करत बसू नका, थेट महावितरणला करा.

घंटागाडी आमच्या बोळात येत नाही.

बऱ्याच बोळांत ती येऊच शकत नाही, चिमणपुऱ्यातले काही बोळ तर दुचाकीलाही अंग चोरायला लावतात. मागणी करायची ती गाडी कुठल्या तोंडाशी, किती वाजता थांबेल याची. वेळ ठरली आणि ती पाळली गेली नाही, तर तक्रारीला धार येते. ओला आणि सुका कचरा आपण वेगळा दिलेला असेल तर जास्तच. नाहीतर मुकादम उलटं ऐकवतो, आणि त्याचं चुकत नाही. सगळा कचरा शेवटी सोनगावच्या डेपोत जातो.

रस्त्याला खड्डे पडलेत. मागच्याच वर्षी डांबर टाकलं होतं!

मग तर सोपं आहे. नव्या रस्त्याच्या कामाला दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करायचा असतो. नगरसेवकाला विचारायचा प्रश्न असा: “दादा, या कामाचा दोषदायित्व कालावधी किती आणि तो संपलाय का?” हा शब्द तोंडात आला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, मी पाहिलंय.

फक्त रस्ता पालिकेचा आहे याची खात्री करा. शहरातले काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहेत आणि महामार्गाचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं. आणि गटाराचं किंवा पाइपाचं काम बाकी असताना डांबराचा हट्ट धरू नका. आधी डांबर, मग खोदाई हा क्रम आपल्याच घाईनं होतो.

नगरसेवकाला वर्षाला किती निधी मिळतो?

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी आणि खासदाराला ५ कोटी, तसा नगरसेवकाच्या नावावर कायद्यानं ठरलेला निधी नगरपालिकेत नसतो. त्याच्या प्रभागात कामं येतात ती पालिकेच्या अंदाजपत्रकातून, नगरोत्थानसारख्या राज्याच्या योजनांतून, दलित वस्ती सुधारणेतून, किंवा आमदार-खासदारांकडून. त्यामुळं कोनशिलेवर नाव कुणाचंही असो, पैसे कुठल्या लेखाशीर्षाखालून आले ते विचारा. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आसपास शिजतं. समाजमंदिर, ओपन जिम, पेव्हिंग ब्लॉक, जे काही मागायचं ते दिवाळीनंतर मागायला लागा.

पेव्हिंग ब्लॉकवरून माझं एक मत आहे, ते सांगतोच. चांगला असलेला काँक्रीटचा बोळ उखडून ब्लॉक बसवा म्हणून मागणी करणाऱ्यांचे अर्ज मी लिहून देत नाही.

भटकी कुत्री उचलून लांब सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत.

ऐकता येत नाही त्यांना. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणं कुत्रं पकडायचं, नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातल्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला. तिथून हलवलेली परत तिथं सोडायची नाहीत. पिसाळलेल्याची तर तातडीनं वर्दी द्यायची. कुत्रं चावलं तर नगरसेवक नंतर. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि सिव्हिल गाठा, लस मोफत मिळते.

शेजाऱ्यानं भिंत आमच्या हद्दीत घातली. नगरसेवक मिटवतील का?

चहा पाजून समेट घडवतील, जमला तर. हद्द ठरवायचं काम सिटी सर्व्हेच्या मोजणीचं. बांधकाम विनापरवाना असेल तर पालिकेच्या बांधकाम विभागात लेखी तक्रार करा. अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या कायद्याप्रमाणं परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं असलं तरी.

डॉल्बीचा त्रास?

पोलीस, ११२. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. मंडळाचा अध्यक्ष आणि नगरसेवक बऱ्याचदा एकाच गाडीवरून फिरतात, तेव्हा तिकडून फार अपेक्षा ठेवू नका.

कुठले दाखले नगरसेवकाकडे मिळतात?

ओळखतो, राहतात, एवढं सांगणारं पत्र. आधारचा पत्ता बदलताना ठरावीक नमुन्यातलं असं पत्र चालतं, त्यावर फोटो आणि फोटोवर आडवा शिक्का-सही लागते. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, रेशनकार्ड पुरवठा शाखेचं, जन्म-मृत्यूची नोंद पालिकेची. ही नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. घरात कुणी गेलं की माहुलीच्या स्मशानातून परतल्यावर कागदाचं भान राहत नाही, आणि वर्ष उलटलं की साध्या नोंदीसाठी महसूल अधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. शेजाऱ्यांनी एवढं काम अंगावर घ्यावं.

घरपट्टी वाढून आली. भाऊ कमी करून देतील का?

कुणीही तोंडी कमी करून देऊ शकत नाही. आकारणी चार वर्षांनी फेरतपासली जाते, तेव्हा नोटीस येते आणि तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, सुनावणीला हजर राहा. बांधकामाची मोजमापं चुकीची पडलीत का, पत्र्याच्या खोलीला स्लॅबचा दर लागलाय का, हे बघा. हरकतीचा निकाल लागायचाय म्हणून जुनी बाकी थांबवू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, आणि ती कुणाच्याही ओळखीनं उतरत नाही.

आपल्या जिल्ह्यात फौजी घरं फार, म्हणून मुद्दाम: माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा पत्नींना एका घरापुरती मालमत्ता करातून सूट देणारी योजना राज्यानं २०२० मध्ये आणली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन पालिकेत अर्ज करावा लागतो. आमच्या बोळातल्या एका आजींनी हे कळेपर्यंत चार वर्षं पूर्ण घरपट्टी भरली होती.

आम्ही त्यांच्या विरोधात काम केलं होतं. आता कोणत्या तोंडानं जाऊ?

जायचं. तेही तुम्हाला ओळखतात, चहाही पाजतात. साताऱ्यात दोन्ही बाजूंचे लोक एकाच लग्नाच्या पंगतीत बसतात. संकोच वाटत असेल तर चार घरांच्या सह्या घेऊन जा, त्यात एखादी त्यांच्या बाजूची असू द्या.

सगळं केलं, तरी काही झालं नाही. पुढं?

पोचपावती घेऊन आवक विभागात अर्ज सध्या कुठल्या टेबलावर आहे ते विचारा. मग नगरसेवकाला तो विषय सर्वसाधारण सभेत मांडायला सांगा, नुसता तोंडी नको, लेखी प्रश्न म्हणून. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार टाका. त्यानंतर माहिती अधिकार: अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, ‘का’ ला माहिती म्हणत नाहीत. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी’ असं लिहा. बऱ्याचदा अर्ज पोचल्याच्या आठवड्यात माणसं खणायला येतात, टिपणीची प्रत मागाहून मिळते.

मी इथं भाड्यानं राहते, मतदान कऱ्हाडला आहे. मी नगरसेवकाला काम सांगू शकते का?

सांगा की. गटाराचा वास मतदार यादी बघून येत नाही. नळाची आणि घरपट्टीची कागदं मालकांच्या नावावर असतात, म्हणून तेवढ्या अर्जावर त्यांची सही घ्या. दिवा, कचरा, गटार, रस्ता यांसाठी तुमची एकटीची सही पुरते. पत्ता लिहिताना ‘अमुक यांच्या वाड्यात, मागची खोली’ असं लिहा, म्हणजे माणूस आला तर पुढच्या दारावरूनच परत जाणार नाही.